चारचौघात बोलायचंय? आधी आपण कुठे कुठे गप्प बसतो ते बघा

कम्फर्ट झोनच्या बाहेर पडा असं सगळे सांगतात, पण बाहेर म्हणजे नक्की कुठे ते कोणी सांगत नाही. एखादा माणूस एकटा हिमालयात फिरून येईल पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करायचा म्हटलं की त्याच्या घशाला कोरड पडते, आणि एखादी बाई भरलेल्या हॉलसमोर झकास सूत्रसंचालन करेल पण साहेबांकडे पगारवाढीचा विषय काढायचा म्हटलं की आज नको उद्या करत महिने घालवेल. प्रत्येकाची हद्द वेगळ्या ठिकाणी असते आणि ती कुठे आहे हे बहुतेक वेळा आपलं आपल्यालाच माहीत नसतं. म्हणून मी इथे एकच गोष्ट घेतलीये, चारचौघात बोलणं, कारण ही भीती मी फार जवळून बघितलीये, स्वतःची पण आणि आजूबाजूच्या कितीतरी जणांची पण. ह्या एका भीतीवर नीट काम केलं तर माणूस स्वतःला जेवढा ओळखायला लागतो तेवढा दुसऱ्या कशाने ओळखत नाही असं माझं ठाम मत आहे.

पहिले पंधरा दिवस काहीच बदलू नका

हो, काहीच नाही. लगेच धाडस करायला जाऊ नका, आधी फक्त बघा. एक छोटी वही घ्या किंवा मोबाईलमध्येच लिहा, आणि दिवसभरात जिथे जिथे बोलायचं होतं पण बोललो नाही ती जागा टिपून ठेवा. ऑफिसच्या कॉलवर अनम्यूट करायला बोट नेलं आणि परत मागे घेतलं. पालकसभेत आपलाच प्रश्न दुसऱ्या कोणाच्या आईने विचारला आणि आपल्याला हुश्श झालं. दुकानदाराने सुट्टे पैसे कमी दिले आणि जाऊ दे म्हणून निघून आलो. लग्नात कोणीतरी माईक पुढे केला आणि आपण फोन आल्याचं दाखवून सटकलो. ह्या सगळ्या नोंदी लागतात, बारीकसारीक पण, कारण मोठ्या प्रसंगात आपण जे करतो तेच ह्या छोट्या प्रसंगांत रोज करत असतो फक्त लक्ष जात नाही.

लिहिताना "मी का बोललो नाही" असं विचारू नका. "का" विचारलं की मन लगेच जुनी कारणं काढतं, लहानपणी बाई ओरडल्या होत्या, घरात मोठ्यांसमोर बोलायची पद्धत नव्हती वगैरे, आणि त्यात तथ्य असेलही पण त्याने उद्याच्या मीटिंगमध्ये फरक पडत नाही. त्यापेक्षा "काय" विचारा. काय होईल असं वाटलं? अंगात काय झालं, छातीत धडधड, कान गरम, पोटात गोळा, नक्की काय? आणि मग मी काय केलं? एवढ्या तीन ओळी पुरतात.

पंधरा दिवसांनी वही वाचली की एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येते, आपण ज्याला "मला लोकांसमोर बोलता येत नाही" म्हणत होतो ती एक भीती नाहीये, त्यात तीन चार वेगवेगळ्या भीत्या एकत्र बसल्यात. कोणाला लोक बघतात त्याची भीती असते, बोलण्याची नसतेच. कोणाला मधेच विसरण्याची. कोणाला प्रश्न विचारतील त्याची, म्हणजे भाषण देतील पण "काही शंका?" म्हणायची वेळ आली की हात थंड. आणि आपल्याकडे एक फार मोठी भीती आहे जिच्याबद्दल उघडपणे बोललं जात नाही, ती भाषेची. मराठी मीडियममधून शिकलेली कितीतरी हुशार मुलं पुण्या-मुंबईच्या ऑफिसमध्ये वर्षानुवर्षं गप्प बसतात कारण इंग्लिश वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. आणि गावाकडून आलेल्या मुलांना मराठीत बोलायची पण भीती असते, न आणि ण वरून कोणी हसलेलं असतं, टोनवरून कोणी नक्कल केलेली असते, ते आत बसतं. ज्याची अडचण भाषेची आहे त्याने "आत्मविश्वास वाढवा"वाले व्हिडिओ कितीही बघितले तरी उपयोग नाही. त्याने मीटिंगमध्ये सरळ "मी हे मराठीत सांगतो" किंवा "मी हिंदीत सांगतो" हे एक वाक्य म्हणायचा सराव करावा. तांत्रिक शब्द इंग्लिश, बाकी आपली भाषा, बहुतेक टीममध्ये ते आरामात चालून जातं.

भीती आहे की नकोच आहे?

हे वेगळं करणं फार गरजेचं आहे. वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे एक प्रश्न विचारा, समजा भीती शून्य झाली तर मी हे केलं असतं का? पालकसभेत बोलली असती का, हो, शंभर टक्के, मग ती भीती आहे आणि तिच्यावर काम करायचं. मित्राच्या हळदीला माईकवर नाचत गाणं म्हटलं असतं का, नाही, मला आवडतच नाही, मग ते सोडून द्या. शांत स्वभाव हा काही आजार नाही आणि सगळ्यांनी बडबडं व्हायचं असंही काही नाही. आणि काही ठिकाणी गप्प बसणं हा शहाणपणा असतो, जिथे बोललं तर नोकरीवर किंवा जिवावर बेतू शकतं तिथे आधी सोबत शोधायची, साक्षीदार शोधायचा, लेखी द्यायचं. त्याला कम्फर्ट झोन म्हणून कोणी हिणवत असेल तर त्याचं ऐकू नका.

आता जे "हो, केलं असतं" वाले प्रसंग उरले त्यातून एक विषय निवडा जो खरंच तुमचा आहे. गांधीजी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्या केसला उलटतपासणीसाठी उभे राहिले तेव्हा त्यांना एकही प्रश्न सुचला नाही, ते खाली बसले, दुसरा वकील करा म्हणाले आणि ३० रुपये फी परत केली, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. तोच माणूस १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांसमोर बोलायला उभा राहिला, व्यापारातला खरेपणा ह्या विषयावर, आणि ते त्यांचं आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण नीट झालं. मला ह्यात महत्त्वाचं हे वाटतं की प्रिटोरियात विषय त्यांच्या मनातला होता आणि त्याची तयारी करून ते गेले होते. लाजरेपणा एका रात्रीत गेला नव्हता, पण बोलायला कारण मिळालं होतं. तुम्हालाही "मला बोलता आलं पाहिजे" हे कारण पुरणार नाही. "आमच्या विंगला रोज पाणी कमी येतं" हे पुरेल.

आपल्या पळवाटा ओळखा

मला विचाराल तर पूर्ण लेखातला सगळ्यात कामाचा भाग हा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये लोकांसमोर जाण्याच्या भीतीबद्दल एक मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं की असा माणूस प्रसंग टाळतोच असं नाही, तो जातो, पण जाताना स्वतःला वाचवायच्या छोट्या छोट्या युक्त्या घेऊन जातो आणि त्या युक्त्यांमुळेच भीती टिकून राहते. मागच्या रांगेत बसणं. कॅमेरा बंद ठेवणं. बोलायच्या ऐवजी चॅटमध्ये टाइप करणं. कागदावरून शब्द न् शब्द वाचणं, मान वर न करता. भराभरा बोलून टाकणं. हात थरथरतात म्हणून पेन घट्ट धरणं. फक्त ओळखीच्या एकाच माणसाकडे बघून बोलणं. आणि आपल्याकडची खास, वाक्याच्या सुरुवातीला "म्हणजे माझं चुकत असेल पण", "तुम्ही सगळे जाणकार आहात, मी काय बोलणार".

ह्यात दोन प्रकारे नुकसान होतं. एक म्हणजे प्रसंग नीट पार पडला तरी क्रेडिट युक्तीला जातं, कागद होता म्हणून निभावलं असं वाटतं आणि पुढच्या वेळी कागद अजून घट्ट धरला जातो. दुसरं म्हणजे सगळं लक्ष आतमध्ये राहतं, माझा आवाज कसा येतोय, चेहरा लाल झालाय का, आणि समोरचे लोक काय करतायत हे बघायचंच राहतं. मग घरी येऊन आपण सांगतो की सगळे बघत होते, खरं तर आपण कोणाकडे बघितलेलंच नसतं.

तर आपल्या युक्त्यांची यादी काढा. स्वतःला सगळ्या सापडणार नाहीत, त्यासाठी दोन विश्वासाची माणसं पकडा. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम ह्यांनी १९५५ मध्ये मांडलेली जोहारी खिडकी (आपल्याबद्दल कोणाला काय माहीत आहे ते चार कप्प्यांत दाखवणारी आकृती) काहींनी ट्रेनिंगमध्ये बघितली असेल, तिच्यात एक कप्पा असा आहे की लोकांना दिसतं पण मला दिसत नाही, त्या कप्प्यातलं ऐकण्यासाठी ही माणसं. पण "मी कसा बोलतो रे?" असं विचारलं तर "छान बोलतोस की" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा नेमकं विचारा, "मी बोलताना कोणाकडे बघते? वाक्य पूर्ण करते का? शेवटी आवाज खाली जातो का?" आणि उत्तर आलं की समजावून सांगत बसू नका, थँक्यू म्हणा, लिहून ठेवा.

शिडी बनवा, पण आकडे टाकून

जोसेफ वोल्पे ह्या मानसोपचारतज्ज्ञाने भीती मोजायला ० ते १०० अशी पट्टी वापरली, ० म्हणजे एकदम निवांत आणि १०० म्हणजे कल्पना करता येईल तेवढी जास्तीत जास्त घाबरगुंडी. आपल्या प्रसंगांना असे आकडे द्या. बरोबर चूक काही नाही, तुमचा आकडा तुमचा. उदाहरण म्हणून समजा शेवटची पायरी सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या विषयावर बोलणं ही आहे, तर कोणाची शिडी अशी दिसेल:

दुकानात जाऊन चौकशी करायची आणि काही न घेता "बघून येतो" म्हणून निघायचं, २०
सेक्रेटरींना मेसेज न करता फोन करायचा, ३०
ऑफिसच्या मीटिंगमध्ये पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न विचारायचा, ४५
पालकसभेत हात वर करून, उभं राहून बोलायचं, ६०
कोणाच्या निरोप समारंभात दोन मिनिटं बोलायचं, कागदाशिवाय, ७०
वार्षिक सभा, ८५

पहिल्या दहा मिनिटांत हे मुद्दाम लिहिलंय. मीटिंगमध्ये जितका उशीर कराल तितकं तोंड उघडणं जड जातं, आणि शेवटी शेवटी आपला मुद्दा कोणीतरी बोलून मोकळं झालेलं असतं.

सुरुवात ३०-४० च्या आसपास करा. ज्याला १० वाटतं ते करून काही कळत नाही आणि एकदम ८५ ला उडी मारली आणि वाईट अनुभव आला तर माणूस परत सहा महिने तिकडे फिरकत नाही. आणि एक पायरी एकदा करून सोडू नका. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांसमोर करा, कारण ऑफिसमध्ये गेलेली भीती पालकसभेत जशीच्या तशी भेटते, ह्याचं खूप जणांना आश्चर्य वाटतं पण ते तसंच असतं.

आधी अंदाज लिहा, मग जा

प्रत्येक पायरीआधी वहीत एक ओळ, मला काय होईल असं वाटतंय. आणि ती ओळ अशी लिहा की नंतर तपासता येईल. "फजिती होईल" हे तपासता येत नाही. "कमीत कमी तीन लोक हसतील", "मी अर्धा मिनिट अडकून उभी राहीन", "सर म्हणतील की हा काय प्रश्न आहे" हे तपासता येतं. परत आल्यावर खाली लिहायचं, झालं काय. भीती कमी झाली का हे मोजू नका, कधी होते कधी नाही होत. जे होईल वाटलं होतं ते झालं का हे मोजा. वही भरत गेली की मन दरवेळी तोच अंदाज करतं आणि दरवेळी वेगळंच काहीतरी घडतं हे स्वतःच्या अक्षरात दिसायला लागतं, त्याच्याइतकं पटणारं दुसरं काही नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस ह्यांनी हे स्वतःवर करून बघितलं होतं. वयाच्या १९ व्या वर्षी त्यांना मुलींशी बोलायची प्रचंड भीती, म्हणून न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलायचंच असं त्यांनी ठरवलं. ते सांगत की एका महिन्यात १३० जणींजवळ जाऊन बसले, ३० उठून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी बोलणं झालं, आणि भेटायला येते म्हणाली ती एकच, ती पण आली नाही. पण ज्याची भीती होती त्यातलं काहीच घडलं नाही, कोणी पोलीस बोलावले नाहीत. आज कोणी अनोळखी बायकांजवळ असं जाऊन बसू नये, बागेत एकटी बसलेली बाई काही आपल्या सरावासाठी बसलेली नसते. पण एकच गोष्ट परत परत करणं आणि निकालाकडे तटस्थपणे बघणं हे त्यांच्याकडून घ्यावं, जाहीर बोलण्याची भीती पण त्यांनी अशीच बोलून बोलून घालवली. पुढे ह्यातूनच त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती (त्रास देणारे विचार तपासून बदलायची पद्धत) उभी राहिली आणि ती आपल्याकडे मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके ह्यांनी रुजवली.

प्रत्येक पायरीला एक युक्ती कमी करायची. एकच. ह्यावेळी कॅमेरा चालू, कागद असू दे. पुढच्या वेळी कागदावर फक्त चार मुद्दे. त्याच्या पुढच्या वेळी "माझं चुकत असेल पण" काढून टाकायचं. सगळं एकदम काढलं तर टिकत नाही.

प्रत्यक्ष बोलायच्या वेळी

पहिलं वाक्य पाठ करा, फक्त पहिलं. बाकीचं पाठ केलं की एक शब्द निसटला तर पूर्ण गाडी थांबते. पहिलं वाक्य साधं असू द्या, "मला अजेंड्यातल्या चौथ्या विषयावर दोन मिनिटं बोलायचंय." आकडा असेल तर लगेच आकडा द्या. कोणी मधे बोललं तर "माझं एवढं पूर्ण होऊ द्या, मग बोला" हे वाक्य पण घरी मोठ्याने म्हणून बघा, मनातल्या मनात म्हटलेलं ऐन वेळी आठवत नाही.

स्वतःला "शांत हो शांत हो" म्हणत बसू नका. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रूक्स ह्यांचे २०१४ मध्ये प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यात भाषण किंवा कॅरिओके गाण्याआधी स्वतःला "मी शांत आहे" म्हणायला लावलेल्यांपेक्षा "मी एक्सायटेड आहे" म्हणायला लावलेल्यांचं चांगलं झालं. कारण समजण्यासारखं आहे, धडधडणाऱ्या छातीला शांत करणं अवघड, पण ती धडधड उत्साहाची आहे असं समजणं त्या मानाने सोपं. मराठीत "चला, आता मजा येणार" म्हटलं तरी चालेल.

आणि लक्ष बाहेर ठेवा. कोणी चष्मा लावलाय, कोण मान हलवतंय, आधीचा माणूस नक्की काय म्हणाला. तुम्हाला वाटतं तेवढे लोक तुमच्याकडे बघत नसतात, ह्याचा प्रयोग झालेला आहे. कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचा फोटो असलेला, लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं, घालणाऱ्यांना वाटलं की जवळपास निम्म्यांना टीशर्टवर कोण आहे ते कळलं असणार, प्रत्यक्षात पाव लोकांनाच सांगता आलं. २००० साली हा पेपर आला. नंतर २००३ मध्ये केनेथ सॅवित्स्की आणि गिलोविच ह्यांनीच दाखवलं की आपल्या मनातली घबराट आपल्याला वाटते तेवढी लोकांना दिसत नाही एवढं आधी समजावून सांगितलं तरी भाषण करणाऱ्यांची भाषणं जास्त चांगली झाली. म्हणजे ही माहितीच कामाला येते, म्हणून ती इथे दिली.

रात्रीचं रिपीट टेलिकास्ट बंद

बोलून आल्यावर रात्री अंथरुणात जे सुरू होतं, हे असं का बोलले, तो तेव्हा हसला का, ते पुढच्या वेळेची भीती तयार करतं. त्याच दिवशी वहीत एकदा लिहायचं आणि विषय बंद. परत आठवलं तर वही उघडून वाचायचं, नवीन काही जोडायचं नाही. मोबाईलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करता आलं तर उत्तमच, पण व्हिडिओ बघायच्या आधी लिहा की काय दिसेल असं वाटतंय, "हात लटलट कापताना दिसतील, आवाज फाटेल", आणि मग अनोळखी माणसाचा व्हिडिओ असल्यासारखा बघा. लिहिलेलं आणि दिसलेलं ह्यात मोठा फरक असतो. बघायला जीवावर येतं हे मला माहितीये, तरी बघा.

सरावाला जागा नसेल तर टोस्टमास्टर्स क्लब शोधा, १९२४ पासून चालू असलेली ही संस्था आहे, मोठ्या शहरांत क्लब आहेत, आणि तिथे ऐन वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचा भाग असतो तो फार उपयोगी आहे. नाहीतर चार मैत्रिणी जमवा, रविवारी अर्धा तास, चिठ्ठी उचलायची आणि बोलायचं. गावात असाल तर ग्रामसभा आहेच, तिथे प्रश्न विचारणं हा तुमचा हक्क आहे.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. भीतीमुळे कॉलेज सुटतंय, इंटरव्ह्यूला जाणंच होत नाही, बोलायच्या आधी रात्ररात्र झोप नाही, किंवा दारू घेतल्याशिवाय चार लोकांत जाता येत नाही, असं असेल तर हे वही-शिडी एकट्याने करू नका. ह्यावर उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन १४४१६ ह्या नंबरवर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता सोसायटीच्या सभेचं. महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस १४ दिवस आधी येते, सोबत हिशेब आणि अजेंडा असतो. नोटीस हातात आली त्याच दिवशी हिशेब वाचा, आपल्या विषयाचा एकच आकडा शोधा, टँकरचा खर्च, लिफ्टचं मेंटेनन्स, जे असेल ते, आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी मांडा. सेक्रेटरींना फोन करून सांगून ठेवा की मला ह्या विषयावर बोलायचंय, म्हणजे ऐन वेळी मागे फिरणं अवघड होतं. सभेला दहा मिनिटं आधी जा, दुसऱ्या रांगेत बसा, शेजारच्याशी आधीच दोन वाक्यं बोलून घ्या म्हणजे आवाज मोकळा होतो. आणि विषय आला की आधी उभे राहा, हात नंतर वर करा.